सातवीच्या सुट्टीत काय वाचायचं?

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. पेपर तपासून झाले होते आणि मी निकालपत्रकं भरत बसले होते. सातवीतली एक मुलगी बराच वेळ दाराशी घुटमळत होती. मी मान वर केली तशी आत आली आणि म्हणाली, "टीचर, छुट्टी में पढ़ने कू एक किताब दो ना. मराठी की."

'मराठी की' म्हटल्यावर मी पेन खाली ठेवलं. आमची शाळा उर्दू माध्यमाची, सातवीपर्यंतची. जूनमध्ये ही मुलगी आठवीला मराठी हायस्कूलमध्ये जाणार. मी विचारलं, "मराठी की कायकू?" ती म्हणाली, "वहाँ सब मराठी में बोलेंगे टीचर. मेरेकू हँसेंगे." थोडं थांबून तिने आणखी एक अट घातली. "लेकिन ऐसी किताब दो, जिसमें अपने जैसा कोई होना."

त्या दिवशी मी तिला कपाटातलं एक पुस्तक दिलं. पहिली मागणी भागली, दुसरी नाही. माझं माहेर इंदापूरचं, सासर बारामतीचं, त्यामुळे आयुष्याचा बराच भाग या पन्नासेक किलोमीटरच्या रस्त्यावर एसटीत गेला आहे. निमगाव केतकी, शेळगाव, अंथुर्णे, जंक्शन, लासुर्णे, भवानीनगर. त्या संध्याकाळी सगळ्या थांब्यांवर तिचं तेच वाक्य डोक्यात होतं. हा लेख त्या प्रवासातच सुचला. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना कोणत्या कादंबऱ्या द्याव्यात, असं पालक मला नेहमी विचारतात. माझ्या आवडीच्या काही इथे सांगते. काही मराठी आहेत, काही उर्दू.

त्याआधी एक कबुली. काही वर्षांपूर्वी अशीच एक हुशार मुलगी आमच्याकडून सातवी करून मराठी शाळेत गेली. दिवाळीनंतर ती शाळेत जायची बंद झाली. घरचे म्हणाले, मन लागत नाही. नंतर एकदा बाजारात भेटली तेव्हा तिने खरं कारण सांगितलं. सरांनी उभं करून धडा वाचायला सांगितला की तिचा घसा कोरडा पडायचा. मुलं हसायची. मी तिला तीन वर्षं मराठी शिकवलं होतं. लिंग, वचन, विभक्ती, पत्रलेखन, सगळं करून घेतलं होतं. तिला मराठीत चांगले गुणही होते. पण तीन वर्षांत मी तिच्या हातात एकही गोष्टीचं जाडसर पुस्तक दिलं नव्हतं. तिला मराठी विषय येत होता, मराठी भाषेत रमणं तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी पुस्तकांच्या मागे लागले.

रद्दीतलं पुस्तक

मला स्वतःला मराठीची गोडी लागली ती शाळेत नव्हे. अब्बा इंदापूरच्या एसटी स्टँडजवळ फळांची गाडी लावायचे. पेरू, केळी बांधायला रद्दी लागायची, ती किलोवर यायची. मी चौथीपर्यंत उर्दू शिकले आणि १९९१ साली पाचवीला मराठी शाळेत गेले. मला 'ळ' म्हणता यायचा नाही. उर्दूत तो अक्षराला नाही आणि आमच्या घरच्या दखनीतही नाही. मी 'शाला' म्हणायचे आणि वर्ग हसायचा. मराठी पुस्तक हातात आलं की सवयीने उलट्या बाजूने उघडायचे, त्यावरही हसायचे.

त्या रद्दीत एकदा मुखपृष्ठ नसलेलं एक पुस्तक मिळालं. त्यात एक किडकिडीत मुलगा सायकलवरून सुसाट फिरत होता, नको तिथे नाक खुपसत होता आणि संकटात सापडून त्यातून निसटत होता. मी ते गाडीखाली बसून वाचलं. सगळे शब्द कळत नव्हते, पण पुढे काय होतं हे कळल्याशिवाय राहवत नव्हतं. आणि शेवटची दहा-बारा पानं नव्हती! कुणीतरी त्यात पेरू बांधून नेले असणार. तो मुलगा म्हणजे बनेश फेणे, आपला फास्टर फेणे. त्या गोष्टीचा शेवट मला बी.एड. करताना ग्रंथालयात मिळाला. पाठ टाचण लिहायचं सोडून मी उभ्याउभ्या ती पानं वाचली.

म्हणून माझी पहिली शिफारस भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे' मालिकेची. भागवत १९१० सालचे. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेलं त्यांचं हे मराठी आजच्या मुलालाही धावायला लावतं. वाक्यं छोटी आहेत, संवाद भरपूर आहेत आणि प्रकरण अशा जागी संपतं की पान उलटावंच लागतं. मराठी ज्याची दुसरी भाषा आहे, त्या मुलाला हेच हवं असतं. अर्थ अडला तरी गोष्ट अडत नाही. बन्या मूळचा फुरसुंगीचा, हेही आमच्या भागातल्या मुलांना आवडतं. पुण्याला जाताना हडपसर लागतं, त्याच्या जवळचंच हे गाव. पुस्तकातला हिरो लंडनचा नाही, दिल्लीचा नाही, आपल्या एसटीच्या वाटेजवळचा आहे. पाचवी-सहावीला हीच सुरुवात चांगली.

त्याच वयासाठी दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' आहे. थोडं मोठं झाल्यावर सत्यजित राय यांचा फेलुदा द्यावा. अशोक जैन यांनी तो मराठीत छान आणला आहे. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' मला स्वतःला फार आवडतो, पण त्यातलं जुनं घरगुती मराठी आमच्या मुलांना जड जातं. तो मी वाचून दाखवते, एकट्याने वाचायला देत नाही.

उर्दूतला जिन आणि उलटं झाड

आता उर्दूकडे. आमच्या समाजात एक गैरसमज आहे की उर्दूत मुलांसाठी फक्त नसीहत आहे. त्याला थोडा आधारही आहे. डिप्टी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही १८६९ ची कादंबरी उर्दूतली पहिली कादंबरी मानली जाते आणि ती त्यांनी आपल्या मुलींना वाचायला काही चांगलं असावं म्हणून लिहिली होती. म्हणजे उर्दू कादंबरीचा जन्मच मुलींच्या वाचनासाठी झाला! त्याच्या बारा वर्षं आधी, १८५७ साली, मराठीत बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन' आली. तिच्याही केंद्रात बायकांचं दुःख होतं. दोन्ही भाषांत कादंबरीने पहिलं पाऊल टाकलं ते बाईमाणसाचा विचार करत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण 'मिरातुल उरूस' आज सातवीच्या मुलीला देऊ का? नाही. फूहड अकबरी आणि सुगरण असगरी यांची तुलना वाचून आजची मुलगी वैतागते. एकीने मला विचारलं होतं, "टीचर, असगरी कभी थकती नइ क्या?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग काय द्यावं? माझ्या वर्गात सगळ्यात जास्त फिरलेलं पुस्तक आहे 'जिन हसन अब्दुर्रहमान'. मूळ कादंबरी रशियन, लाजर लागिन यांची, १९३८ सालची. उर्दूत ती आणली कुर्रतुल ऐन हैदर यांनी. 'आग का दरिया' लिहिणारी, ज्ञानपीठ मिळवणारी एवढी मोठी लेखिका मुलांसाठी अनुवाद करायला बसली, हे मी मुलांना आवर्जून सांगते. मॉस्कोतल्या वोल्का नावाच्या शाळकरी मुलाला नदीत पोहताना एक जुनं भांडं सापडतं. त्यातून हजारो वर्षं कोंडलेला जिन बाहेर येतो. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांनी त्याला कोंडलं होतं असं तो सांगतो. दाढीचा केस तोडला की त्याची जादू चालते.

यातला परीक्षेचा प्रसंग मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवते. वोल्काची भूगोलाची परीक्षा असते आणि त्याच्या वाट्याला नेमका हिंदुस्थान येतो. जिन प्रेमापोटी ठरवतो की आपल्या लाडक्याला उत्तरं आपणच पुरवायची. पण त्याचा भूगोल हजारो वर्षांपूर्वीचा! वोल्काच्या तोंडून भलतंच काहीतरी बाहेर पडत राहतं. मुलं हसून लोळतात. कॉपी करू नका असं मी वर्षभर घसा फोडून सांगते, ते हा जिन पाच मिनिटांत सांगून जातो. आणखी एक गोष्ट आहे. या पुस्तकात नावं आपली आहेत, हसन, अब्दुर्रहमान, सुलेमान. पण मुलगा मॉस्कोचा आहे. 'आपलं' आणि 'परकं' एकाच नावेत बसलेलं मुलांना इथे पहिल्यांदा दिसतं.

दुसरं पुस्तक कृष्ण चंदर यांचं 'उल्टा दरख्त'. यूसुफ नावाच्या गरीब मुलाच्या बियांतून झाड उगवतं, पण ते आकाशाकडे वाढत नाही, जमिनीच्या पोटात वाढत जातं. यूसुफ त्या झाडावरून खाली उतरत जातो आणि वाटेत त्याला एकेक अजब मुलूख भेटतो. गोष्ट परीकथेसारखी आहे, पण हावरटपणा, राजाची मनमानी, गरिबाची लूट हे सगळं त्यात येतं. मुलं हसत वाचतात आणि मग मध्येच गप्प होतात. इथेही एक गंमत मी मुलांना सांगते. मोहल्ल्यात कुणी म्हणालं की उर्दू फक्त मुसलमानांची, तर त्यांना कृष्ण चंदर हे नाव सांगायचं. नायक यूसुफ, लेखक कृष्ण.

याशिवाय इस्मत चुगताई यांची 'तीन अनाड़ी' खोडकर मुलांना द्यावी. साहसाची आवड असेल त्याला सिराज अनवर यांची 'खौफनाक जजीरा'. आमच्या आधीच्या पिढीने ती दिल्लीच्या 'खिलौना' मासिकातून वाचली होती. रेख्ताच्या संकेतस्थळावर जुनी उर्दू बालपुस्तकं मोफत वाचता येतात. मोबाइल मुलांच्या हातातून सुटणार नसेल, तर निदान त्यात हे तरी असू द्या. माझा स्वतःचा मुलगा मात्र अजून रील्सच बघतो, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

श्यामची आई आणि एक बाप

आता थोडा अवघड भाग. साने गुरुजींची 'श्यामची आई' मी सहावी-सातवीला देते. एकदा एका मुलीचे वडील पुस्तक घेऊन शाळेत आले. भला माणूस, ट्रक चालवतो, पोरीच्या शिक्षणावर जीव टाकतो. पुस्तक टेबलावर हळूच ठेवून म्हणाले, "टीचर, बुरा मत मानो. इसमें पूजा-पाठ बहुत है. हमारी बच्ची कू ये कायकू?"

मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुस्तकात देव आहे, व्रत आहे, ब्राह्मण घर आहे. मी म्हटलं, "भाई, बैठो. पाच मिनट सुनो." आणि अळणी भाजीची गोष्ट दखनीत सांगितली. आई भाजीत मीठ टाकायला विसरते. वडील एक शब्द न बोलता तीच भाजी आवडीने खातात, कारण राबून दमलेल्या बाईच्या मनाला लागू नये. मुलंही गप्प खातात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. मग मी त्यांना विचारलं, "अपने नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम खाने कू कभी बुरा बोलते थे क्या?" त्यांना हदीस माहीत होती. पसंत पडलं तर खायचे, नाही तर सोडून द्यायचे, नाव कधी ठेवायचे नाहीत. ते हसले. म्हणाले, "इस हिसाब से तो मैं रोज फेल होता हूँ टीचर."

दुसरी गोष्ट सांगितली ती पायांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या छोट्या श्यामची. आई आपलं ओलं लुगडं पसरते, त्यावर पाय ठेवून तो घरात येतो आणि मग ती त्याला मनही तसंच स्वच्छ ठेवायला सांगते. वुजू करून नमाजला उभ्या राहणाऱ्या कुठल्याही मुलाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मी त्यांना आणखी काही सांगितलं. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याच गुरुजींनी पैगंबरांचं चरित्र सांगणारं 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही मराठीत लिहिलं. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. आमच्या रस्त्यावरून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते, बारामतीहून इंदापूरकडे. तिला पाणी पाजायला आमच्या मोहल्ल्यातली माणसंही उभी राहतात. त्या पालखीच्या देवळाचं दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून जो माणूस उपाशी राहिला, त्याची आई कशी होती हे आपल्या मुलींना कळायला नको का?

गोष्ट इथे गोड संपली असती तर बरं झालं असतं. पण ते पुस्तक परत घेऊन गेले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "स्कूल में पढ़ने दो टीचर. घर कू नको. घर में बाबा है, उनकू नइ पटेंगा." मी हो म्हटलं. त्या मुलीने ते पुस्तक मधल्या सुट्टीत, माझ्या टेबलाशेजारी बसून, दोन महिन्यांत संपवलं. पालकांचा संशय तोडून टाकण्यापेक्षा त्यातून एवढी फट ठेवणं मला जास्त उपयोगाचं वाटलं. तुमच्यापैकी कुणाला हे पटणार नाही, मला माहीत आहे.

दुसऱ्या बाजूचाही अनुभव सांगते. एका प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या मराठी शाळेतल्या बाईंनी माझी यादी पाहिली आणि सहज विचारलं, "तुमच्या मुलांना श्यामची आई चालते?" त्या 'चालते'मध्ये दुष्टपणा अजिबात नव्हता, आश्चर्य होतं. मी म्हटलं, "चालते. तुमच्या मुलांना अब्बू खाँ चालतील का?" डॉ. झाकिर हुसैन, पुढे राष्ट्रपती झालेले, यांनी लिहिलेली 'अब्बू खाँ की बकरी' त्यांनी ऐकलीही नव्हती. दोरी तोडून डोंगरावर गेलेली आणि लांडग्याशी पहाटेपर्यंत झुंजणारी चांदनी बकरी. मी हिंदीतली प्रत त्यांना पाठवली. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, वर्गात दोन मुलं रडली. कादंबरी नाही ती, छोटी गोष्ट आहे, पण मराठी घरांनी जरूर वाचावी.

डबा आणि बनगरवाडी

सातवी-आठवीसाठी दोन पुस्तकं मी हमखास सुचवते. एक 'तोत्तोचान'. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांच्या बालपणाच्या या आठवणी, पण वाचायला कादंबरीसारख्या. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद स्वस्त आणि सोपा आहे. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली मुलगी, आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा आणि मुलाचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेणारे कोबायाशी मुख्याध्यापक. जेवणाच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं असावं एवढाच त्यांचा नियम. कुणाच्या घरी काय शिजतं यावरून कुणाला हिणवायचं नाही, हे त्या नियमात आपोआप येतं. मराठी शाळेत गेल्यावर डबा उघडताना आमच्या मुलींना जी धास्ती असते, ती ज्यांना माहीत आहे त्यांना हे प्रकरण वेगळं लागेल. पोलिओ झालेल्या मित्राला तोत्तोचान झाडावर चढवते, तो प्रसंग मी आजवर एका दमात वाचू शकलेले नाही. आणि शेवटी ती शाळा युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात जळते. युद्ध म्हणजे काय हे बातम्यांपेक्षा या पुस्तकातून मुलांना जास्त कळतं.

दुसरं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. ही खास मुलांसाठी लिहिलेली नाही, पण आठवीच्या मुलाला पेलते. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला जातो. मुलं मेंढरांमागे, शाळा ओस. हळूहळू तो वाडीचा होतो, तालीम उभी राहते आणि मग दुष्काळ सगळी वाडी रिकामी करून टाकतो. उजनीचं पाणी आणि कॅनॉल येण्याआधीचा आमचा कोरडा मुलूख कसा असेल, हे दादाजानच्या तोंडून ऐकलं होतं. ते मला या पुस्तकात सापडलं. इंदापूरच्या पोरांना मेंढरांचा वाडा, काठी, घोंगडी वेगळी सांगावी लागत नाही. आणि या वाडीत आयबू आहे. मास्तरच्या भोवती वावरणारा, वाडीत मिसळून गेलेला मुसलमान. तो वाईट दाखवायला आणलेला नाही आणि ऐक्याचा धडा द्यायलाही आणलेला नाही. तो तिथला आहे, बस्स.

'अपने जैसा कोई'

पण आयबू मोठा माणूस आहे. त्या मुलीला तिच्या वयाचं, तिच्यासारखं कुणीतरी हवं होतं. दखनी बोलणारी, सकाळी मक्तबला आणि नंतर शाळेत जाणारी, रमजानमध्ये पहिला रोजा ठेवलेली, पालखी बघायला रस्त्यावर उभी राहणारी, भिगवणला फ्लेमिंगो बघायला सहलीला गेलेली मुलगी. मी आठवून आठवून पाहिलं. प्रेमचंदांचा 'ईदगाह'मधला हमीद आहे, दादीसाठी चिमटा घेणारा, पण ती एक कथा आहे आणि मराठी नाही. हमीद दलवाईंची 'इंधन' आहे, १९६५ सालची, कोकणातल्या मुस्लिम वस्तीची, पण ती मोठ्यांची कादंबरी. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हापासून आपल्यातल्या अनेकांनी कविता लिहिल्या, आत्मकथनं लिहिली, वैचारिक लेख तर भरपूर लिहिले. माझ्यासारख्या ब्लॉगवरही लिहितात. आपण आपल्या प्रश्नांवर मोठ्यांसाठी लिहीत राहिलो. बारा वर्षांच्या मुलीला हातात धरता येईल अशी, तिच्या घरची मराठी कादंबरी माझ्या हाताला अजून लागलेली नाही. कुणाला माहीत असेल तर मला जरूर कळवा, मी उद्याच्या एसटीने जाऊन घेईन.

यात मराठी लेखकांना दोष देऊन भागणार नाही. त्यांनी त्यांची घरं लिहिली. आपलं घर कुणी लिहायचं?

पालकांसाठी थोडं

शेवटी व्यवहाराचं. पुस्तक देताना 'यातून काय शिकलीस' हा प्रश्न विचारू नका. 'पुढे काय झालं' एवढंच विचारा. अडलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ शोधायला लावू नका, चार शब्द सुटले तर सुटू द्या. उर्दू माध्यमातल्या मुलांना सुरुवातीला एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे आवाज कानात बसतो. 'ळ' आणि 'ण' असेच येतात, मला तसेच आले. उर्दू सोडायला लावून मराठी येत नाही. ज्याला एका भाषेत गोष्टीची चटक लागली, तो दुसऱ्या भाषेतही गोष्ट शोधतो. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जन्मदिवशी, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. मुलांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो काढतो आणि पुस्तकं पुन्हा कपाटात जातात. कपाटाची किल्ली एखाद्या मुलीकडे द्या. पुस्तकं फाटतील, हरवतील. फाटू द्या. मी अर्ध्या पुस्तकावर वाढले आहे.

त्या मुलीला मी दिलं ते 'फास्टर फेणे'च होतं. आठवड्याभराने तिच्या अम्मीच्या मोबाइलवरून फोन आला. "टीचर, फुरसुंगी सच में है क्या?" मी म्हटलं, आहे, हडपसरजवळ. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तो अपना निमगाव केतकी बी किताब में आ सकता?"

मी तिला दोनशे पानी वही घ्यायला सांगितलं. परवा ती वही घेऊन घरी आली होती. साडेतीन पानं लिहून झाली आहेत. एक मुलगी पानमळ्याच्या बांधावरून सायकल चालवते आहे आणि तिचा पाठलाग कोण करतंय ते अजून ठरलेलं नाही. अर्धं मराठी, अर्धं दखनी. 'पानमला', 'शाला', 'सगले'. मी सगळं वाचलं आणि विचारलं, पुढे काय झालं? लाल पेन अजून पर्समधून काढलेलं नाही.